मुलगा, नवरा की सासरे : लक्ष कुणाकडे ठेवायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घोडबंदर रोडवरच्या तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये दोन महिन्यांत दोन आत्महत्या झाल्या. एक कॉलेजात जाणारा मुलगा, दुसरे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. घरात बारावीतला १७ वर्षांचा मुलगा, चार महिन्यांपूर्वी नोकरी गेलेले ४४ वर्षांचे यजमान आणि ७६ वर्षांचे सासरे आहेत. सासूबाईंना जाऊन आठ महिने झाले. तुम्ही विचारलंय की कुठल्या वयात धोका जास्त असतो आणि लक्षणं वयाप्रमाणे वेगळी दिसतात का.

मी ठाण्यात वीसेक वर्षं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. त्यामुळे काय विचारलंय यापेक्षा कशावर किती लिहिलंय, हे आधी बघायची सवय लागली आहे. मुलाबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंत. यजमानांबद्दल दोन-तीन ओळी. सासऱ्यांबद्दल एकच वाक्य, तेही कंसात : ‘बाबा अधूनमधून म्हणतात माझं काय, पिकलं पान, पण ते त्यांचं नेहमीचंच.’ मी त्या कंसापाशी थांबले. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो : घरातल्या प्रत्येकाचं दुःख वेगळ्या भाषेत बोलतं, त्यातली कुठली भाषा आपल्याला ऐकूच येत नाहीये? आणि ऐकू आलीच, तर हाताशी वेळ किती?

आधी आकड्यांचं बोलू, कारण त्यांतूनच गैरसमज होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या आहेत. राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा, २२,७४६. देशभरातल्या मृतांपैकी साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले होते आणि दर दहा जणांत सात पुरुष. म्हणजे नुसती संख्या बघितली तर तुमच्या घरात नजर यजमानांकडे जायला हवी. पण संख्या वेगळी आणि प्रमाण वेगळं. वृद्ध लोकसंख्येत मुळात कमी असतात, म्हणून त्यांचा आकडा लहान दिसतो. जगातल्या बहुतेक भागांत लोकसंख्येच्या प्रमाणात आत्महत्येचा दर सत्तरीपुढे सर्वांत जास्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवलं आहे. तिसरीकडे, १५ ते २९ या वयात मृत्यूच्या कारणांमध्ये आत्महत्या जगात तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्या वयात हृदयविकाराने किंवा कॅन्सरने फारसं कुणी जात नाही, म्हणून हे कारण इतकं वर येतं. तिन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. त्यामुळे ‘सर्वांत धोक्याचं वय कुठलं’ याला एका शब्दाचं उत्तर नाही.

कारणांच्या रकान्याचंही तसंच. २०२२ च्या नोंदींत ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजारपण’ १८.४ टक्के आहे. परीक्षेतलं अपयश दीड टक्क्याच्याही आत. तुम्हाला नवल वाटेल, पण मला वाटत नाही. पोलिसांच्या कागदावर कारणाला एकच रकाना असतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत पाच-सहा गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात आणि शेवटची जी घडली तिचं नाव रकान्यात जातं. नैराश्य, दारू, जुनाट दुखणं, आधी कधी केलेला प्रयत्न, घरातली मारहाण, कर्ज हे धागे सगळ्या वयांत सापडतात. त्यांत आधीचा प्रयत्न ही सर्वांत गंभीर खूण, मग वय सोळा असो वा ऐंशी. वयाप्रमाणे बदलतो तो या धाग्यांचा पीळ, आणि मनात विचार येण्यापासून कृतीपर्यंतचं अंतर. तुमच्या घरात यातलं नेमकं काय आहे हे मला इथून दिसत नाही. तेव्हा पुढचं सगळं ‘असं असू शकतं’ या चालीवर वाचा.

मुलाचं आधी घेते, कारण तुमची भीती तिथे आहे. किशोरवयात धोका अनेकदा वणव्यासारखा येतो. आधीपासून वाळलेलं गवत असतंच, म्हणजे महिनोन् महिन्यांची उदासी, एकटेपणा, कुणीतरी चालवलेली चेष्टा, घरातली भांडणं. ठिणगी मात्र त्या संध्याकाळी पडते. निकालाच्या दिवसांत आमच्याकडे फोन वाढतात हे खरं. पण मुलं समोर बसून बोलतात तेव्हा नुसत्या मार्कांबद्दल क्वचितच बोलतात. निकालानंतरच्या तासाबद्दल बोलतात. बाबा कुणासमोर काय म्हणाले, मावसभावाचे टक्के कुणी काढले, फोन कसा हिसकावला, मैत्रिणीने ब्लॉक केलं, ग्रुपवर कुणी फोटो टाकला. भावनेचा वेग पूर्ण असतो आणि ब्रेक अजून बसायचा असतो, असं हे वय. म्हणून इथे वेळ फार कमी मिळतो. पण याचीच दुसरी बाजू अशी की तो एक तास, ती एक रात्र टळली तर लाट बऱ्याचदा ओसरते आणि मदतीला वाव मिळतो.

या वयात उदासी रडक्या चेहऱ्याने येईलच असं नाही. ती चिडचिड होऊन येते. दार आपटणं, रात्री तीनपर्यंत जागणं, आवडता फुटबॉल अचानक सोडून देणं, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट (हातावरच्या जखमा झाकायला), ‘काही नाही गं, बोअर होतंय’. यातली एखादी गोष्ट जवळजवळ प्रत्येक १७ वर्षांच्या मुलात दिसेल, म्हणून लगेच घाबरू नका. बदल किती दिवस टिकलाय आणि किती बाजूंनी आलाय ते बघा. झोप, जेवण, मित्र आणि अभ्यास हे चारही दोन आठवडे बिघडलेले असतील तर बोलायची वेळ झाली. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी एक साधा नियम देते : रात्री अकरानंतर मार्कांचा विषय घरात काढायचा नाही. दमलेला बाप, दमलेला मुलगा आणि मग रात्रभर एकटी खोली, हा संयोगच वाईट. सकाळी बोला, पोहे खाताना बोला.

विशीतल्यांबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या घरात त्या वयाचं कुणी नाही. खारघर-ऐरोलीकडे पीजीत राहून नोकरी किंवा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात. त्यांचा प्रश्न असा की आठवडाभर ती खोलीबाहेर आली नाहीत तरी कुणाला कळत नाही. आणि लग्न झालेल्या तरुण मुली. लग्न झालं की मुलगी ‘सेटल’ झाली असं आपण धरून चालतो. २०१६ मध्ये जगभरातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात झाल्या होत्या, आणि आपल्याकडे लग्न हे बाईसाठी दरवेळी संरक्षण ठरत नाही, हे संशोधक तेव्हापासून सांगत आले आहेत. बाळंतपणानंतरचं नैराश्य ‘पहिलटकरणीला होतं असं’ म्हणून उडवून लावू नये, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता यजमान. मध्यमवयात दुःख साठत जातं, ठेव साठावी तसं. हप्ते, आईवडिलांची दुखणी, मुलांच्या फिया, ऑफिसात आपल्याहून लहान असलेला साहेब. पुरुष त्यावर बोलत नाही, कारण बोलायची सवयच नसते. २०२२ च्या नोंदींत चारातला एकाहून अधिक मृत रोजंदारीवर पोट भरणारा होता. पैशाची असुरक्षितता काय करते ते त्यातून कळतं. पण पगारदार माणसाच्या बाबतीत पैशाच्या बरोबरीने ओळख जाते. ‘काय करता?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याला माझ्याकडे घेऊन आल्या. (तपशील बदलले आहेत, गाभा तोच.) गृहस्थ रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होते. बाईंना शंका आली ती लोकलच्या पासावरून. पास संपायच्या आदल्या दिवशीच नवा काढणारा हा माणूस, आणि पाकिटातला पास संपून तीन आठवडे झालेले. नोकरी गेली होती, घरी सांगायचं धाडस होत नव्हतं, दिवसभर तलावपाळीला बसून राहायचे. संध्याकाळी दोन पेग घेऊन झोपायचे. त्यांना मी थेट विचारलं, तर म्हणाले, ‘मॅडम, विमा बघितला मी. माझ्यापेक्षा माझी पॉलिसी घराच्या जास्त उपयोगाची आहे.’ हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत मी इतक्या पुरुषांकडून ऐकलंय की आता नोकरी गेलेल्या माणसाला मी हिशेबाबद्दल मुद्दाम विचारते. आपण नसलो तर घराचं भलं होईल, असा हिशेब मांडणं ही नैराश्याची खूण आहे. तो हिशेब त्याला अगदी तर्कशुद्ध वाटतो, म्हणून तर तो घातक.

तुमच्या यजमानांच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की ते चिडचिडे झालेत आणि ‘हल्ली जरा जास्त घेतात’. ते ‘जरा’ मोजा. दारू आधीच खचलेल्या मनाला आणखी खाली ओढते आणि स्वतःला आवरण्याची ताकदही काढून घेते. दारूचा उपचार हा इथे आत्महत्या रोखण्याचाच उपचार असतो. आणि जाता जाता : तुम्हीही याच वयोगटात आहात, तीन माणसांची काळजी एकटीने वाहताय आणि झोप नाही म्हणताय. पहिली अपॉइंटमेंट स्वतःसाठी घेतलीत तरी चालेल.

आता तो कंस.

‘पिकलं पान’ हा आपल्या भाषेतला फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. म्हातारा माणूस म्हणतो आणि आपण हसून सोडून देतो. बरेचदा त्यात काही नसतंही. मृत्यू जवळ आलाय हे स्वीकारणं आणि तो लवकर यावा अशी इच्छा धरणं यात फरक आहे, आणि स्वीकार हे वयाचं शहाणपणच आहे. फरक ओळखायचा कसा? मी एक गोष्ट बघते : माणूस अजून कशाची तरी वाट बघतोय का? सकाळच्या पेपरची, क्रिकेटच्या मॅचची, गणपतीत गावी जायची, नातवाच्या निकालाची, कट्ट्यावरच्या मित्राची. वाट बघणारा माणूस ‘पिकलं पान’ म्हणाला तर मी फार घाबरत नाही. वाट बघणं थांबलंय आणि आवराआवर सुरू झालीये असं दिसलं, तर मात्र त्याच दिवशी हालचाल करते.

आवराआवर म्हणजे काय, ते एका माणसावरून सांगते. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा झोप येत नाही म्हणून आले होते. पत्नीला जाऊन वर्षही झालं नव्हतं. घरचे म्हणाले, ‘बाकी एकदम शांत आहेत, उलट आता कटकट करत नाहीत.’ बोलता बोलता कळलं की त्यांनी चाळीस वर्षं जिवापाड जपलेली अवजारांची पेटी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला देऊन टाकली होती आणि मुलाला बसवून पासबुकं, नॉमिनीची नावं नीट समजावून सांगितली होती. घरच्यांना वाटलं, आजोबा व्यवस्थित माणूस आहेत. होतेच ते व्यवस्थित. पण मी त्यांना विचारलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांना नैराश्य होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं. वर्षभर कपाटात पडलेलं कानाचं यंत्र दुरुस्त करून आणलं, कारण ऐकू येत नाही म्हणून माणसांत बसणं त्यांनी सोडलं होतं. सहा महिन्यांनी त्यांनी त्या इलेक्ट्रिशियनकडून पेटी परत मागून आणली. घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला मात्र त्या दिवशी ते बरे झाल्याची खात्री पटली.

वृद्धांच्या बाबतीत मी एवढी घाई का करते, तेही सांगते. तरुणांमध्ये एका मृत्यूमागे कितीतरी प्रयत्न असतात. म्हातारपणी हे अंतर फार कमी होतं, काही अंदाजांनुसार दर चार प्रयत्नांमागे एक मृत्यू इतकं. शरीर नाजूक असतं, माणूस एकटा असतो आणि निर्णय बहुधा क्षणाच्या भरात झालेला नसतो. इशाराही तो क्वचित देतो. आणि दिलाच तर ‘तुमच्यावर ओझं झालोय’, ‘देवाने आता न्यावं’ अशा शब्दांत, जे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. शिवाय या वयात नैराश्य बरेचदा अंगदुखी, पोट साफ न होणं, विसरभोळेपणा, भूक मरणं अशा वेषात येतं. डॉक्टर आणि घरचे दोघेही म्हणतात, ‘वयानुसार होतंच.’ नाही. वयानुसार गुडघे दुखतात. जगण्यातला रस वयानुसार जात नाही, तो जातो तेव्हा आजार असतो आणि बहुतेकदा त्यावर उपाय असतो. थायरॉइड आणि बी-१२ ची तपासणीही एकदा करून घ्या, कारण त्यांतल्या कमतरतेनेही माणूस असाच मलूल होतो.

तुमच्या सासऱ्यांची पत्नी जाऊन आठ महिने झालेत. त्या पिढीतल्या पुरुषाची बायको जाते तेव्हा गोळ्यांच्या वेळा, नातेवाइकांचे फोन, सणवार, जेवणाची चव, सगळंच तिच्याबरोबर जातं. म्हणून तिघांत आधी कुणाशी बोलू असं विचाराल तर माझं उत्तर : बाबांशी, आजच. मग यजमान, या आठवड्यात. मुलाशी रोज थोडं थोडं.

बोलायचं म्हणजे विचारायचं. ‘असं विचारलं तर मनात नसलेलं भरेल’ ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते. ती खरी नाही. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट ज्याच्या मनात आहे त्याला सुटल्यासारखं वाटतं. बाबांना : ‘बाबा, आई गेल्यापासून कधी असं वाटतं का, की आपणही जगू नये? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ यजमानांना : ‘आपण नसलेलंच बरं, असं तुला वाटतं का? मला खरं सांग, मी ओरडणार नाही.’ मुलालाही याच साधेपणाने. उत्तर ‘हो’ आलं तर भाषण नको, शपथा नकोत, ‘आमचा विचार कर’ नको. ऐका आणि आणखी एक प्रश्न विचारा : कसं, कधी असं काही ठरवलंय का? ठरवलेलं असेल तर माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरातली औषधं आणि इतर धोक्याच्या वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात, कुलुपात. हे कुठल्याही वयाला लागू आहे, आणि मुलाच्या बाबतीत तर सर्वांत जास्त, कारण तिथे मधला वेळ वाढवणं हेच निम्मं काम असतं.

कुठे जायचं? केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८. जीव धोक्यात असेल तर थेट ११२ किंवा १०८. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. १९०१ पासूनची ती जागा. नाव काढलं की लोक अजून दचकतात, पण नुसत्या सल्ल्यासाठी जाता येतं. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्थाही ठाण्यातच आहे. बाबा मानसोपचाराच्या नावाने बिथरणार असतील तर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे झोप आणि भूक एवढ्यासाठी न्या, आणि आपली शंका डॉक्टरांना आधी फोनवर सांगून ठेवा.

एक कायद्याचा मुद्दा, कारण पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात जायला उशीर करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं, आणि तिच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर आहे. अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं भारतीय दंड संहितेचं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण त्यापायी उपचार थांबवायचं कारण नाही.

तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचंही बोलायला हवं. त्या दोन घटनांचे फोटो, ‘कसं केलं’चे तपशील, ‘मुलीचं प्रकरण होतं म्हणे’ छापाच्या गोष्टी अजून फिरत असतील तर अॅडमिनला सांगून बंद करा. एका मृत्यूनंतर त्याच परिसरातली, त्याच वयाची, आधीच खचलेली माणसं जास्त धोक्यात येतात, आणि तपशील जितके रंगवून सांगाल तितकी ती जास्त ओढली जातात. त्या दोन्ही घरी जाऊन बसा मात्र. लोक तिथे जायचं टाळतात.

आणि एकदा बोलून झालं की काम संपलं असं समजू नका. प्रयत्नातून वाचून दवाखान्यात आलेल्या १,८६७ जणांवर पाच देशांत एक अभ्यास झाला होता. आपलं चेन्नई त्यात होतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांशी त्याशिवाय तासभर बोलणं आणि मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच केलं. या दुसऱ्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू पहिल्या गटाच्या साधारण दहाव्या हिश्शावर आले. नऊ वेळा ‘कसे आहात?’ आमच्या पेशातल्या महागड्या उपायांपेक्षा मला हा अभ्यास जास्त आवडतो. तेव्हा बाबांना आज विचाराल तसं पुढच्या मंगळवारीही विचारा, आणि सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या आधीच्या आठवड्यात नक्की.

आज विचाराल तेव्हा टीव्ही बंद करा, पण चहा असू द्या. हातात कप असला की त्यात बघत बोलता येतं, तुमच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.